रोमला घालायचं राहिलेलं गाऱ्हाणं

घाटकोपरच्या भटवाडीत एक काळ असा होता की कुणी युरोपला निघालं की त्याला आधी गुणाजी घाड्याकडे धाडायचे. टेकडीला बिलगलेल्या त्या चाळींतून स्वतः युरोपला जाणारा कोण असणार म्हणा. पण खालच्या सोसायट्यांमधून वर्षाकाठी दोन-चार जोडपी टूरवर जायची. बँकेतून रिटायर झालेले साहेब, मुलगा दुबईला असलेले मास्तर, असे लोक धापा टाकत पायऱ्या चढून वर यायचे, गुणाजीच्या खोलीत लोखंडी खाटेवर टेकायचे आणि विचारायचे, “गुणाजीराव, रोममध्ये नेमकं काय बघायचं?”

गुणाजी पंचाने तोंड पुसायचा आणि सुरू व्हायचा. ते मोडकं गोल स्टेडियम सकाळीच उरकून घ्या, दुपारी दगड तापतो आणि बायकांची डोकी धरतात. मोठ्या चर्चमध्ये जाताना पदर खांद्यावरून नीट घ्या, उघड्या दंडांनी आत सोडत नाहीत. पाणी विकत घेऊन पैसे घालवू नका, रस्त्यात जागोजागी नळ आहेत, पाणी गार नि गोड. एक देऊळ आहे, त्याच्या घुमटाला मधोमध भोक आहे, पाऊस थेट आत पडतो, ते चुकवू नका. संध्याकाळी रुंद पायऱ्यांवर बसून आइस्क्रीम खा. आणि कारंज्याकडे पाठ करून उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणं टाका, म्हणजे माणूस पुन्हा रोमला येतो.

शेवटी तो त्या दगडी तोंडाचं सांगायचा. एका चर्चच्या ओसरीत भिंतीला लावलेला भला मोठा चेहरा. त्याच्या तोंडात हात घालायचा. खोटं बोलणारा असला तर तोंड मिटतं आणि हात तुटतो. “मी घातला,” असं म्हणून गुणाजी आपला उजवा हात सगळ्यांना दाखवायचा. सगळे हसायचे. त्याची बायको रुक्मिणी चहाचे कप गोळा करताना त्या हाताकडे कौतुकाने बघायची, कारण ज्याचा हात त्या तोंडाने सोडला तो माणूस खोटं बोलत नसणार, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं होतं.

आणि या सगळ्यातलं गुणाजीने काहीही बघितलेलं नव्हतं.

तो लालबागच्या एका गिरणीच्या कँटीनमध्ये आचारी होता. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बसली ती बसलीच. वर्षभर घरी काढल्यावर दादरच्या एका टूर कंपनीत त्याचं जमलं. कंपनीच्या लोकांना परदेशात रात्री वरणभात लागायचा, त्यासाठी आचारी सोबत न्यायचे. गुणाजीचा पासपोर्ट झाला, विमानतळावर सोडायला चाळ लोटली, गळ्यात हार पडले. रोममध्ये स्टेशनजवळच्या एका हॉटेलात उतरायचे. हॉटेलवाले आपलं काम संपलं की तळघरातला एक शेगडीचा कोपरा द्यायचे. पंचेचाळीस माणसांचा कांदा, पंचेचाळीस माणसांच्या पोळ्या, आणि सगळे जेवले की तेवढी भांडी. शहर बघायला बस निघायची तेव्हा हा डाळ भिजवत असायचा. शहाऐंशीच्या आधी पाच वेळा तो रोमला गेला आणि पाचही वेळा त्याने रोमचं तळघर बघितलं.

बाकीचं सगळं त्याला पंगतीत कळलं. लोक जेवताना दिवसभराच्या गप्पा करायचे, हा आमटी वाढत वाढत ऐकायचा. मधुकर म्हणून टूर मॅनेजर होता, त्याच्याकडचा छापील कागदही याने मागून घेतला होता. ‘रोममध्ये हे चुकवू नका’ असं त्यावर लिहिलेलं होतं. गुणाजीने तो पाठ केला.

खोटारडा म्हणून त्याला झोडपण्याआधी एवढं ध्यानात घ्या की पहिल्यांदा तो परतला तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. रुक्मिणीने उसने कप आणून ठेवले होते. गिरणी बंद पडल्यापासून मान खाली घालून नळावर जाणारा हा माणूस, आणि आज सगळी चाळ त्याच्या तोंडाकडे बघत बसलेली. अशा वेळी ‘मी मोरी बघितली’ असं कोण सांगेल? त्याने कागद म्हणून दाखवला. दुसऱ्या वर्षी त्यात स्वतःला घातलं. तिसऱ्या वर्षी दगडी तोंडात हात घातला.

गुणाजी जातिवंत घाडी होता. कोकणात गावच्या देवळात देवासमोर लोकांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान घाड्याचा. कुणाचं जनावर हरवलं, कुणाला पोर होत नाही, कुणाचा मुलगा मुंबईहून पत्र पाठवत नाही. घाडी नारळ हातात धरून खड्या आवाजात देवाला सगळं सांगतो आणि मागचे लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. गुणाजीचा आवाज असा की बापाच्या माघारी गाव त्याला मुद्दाम मुंबईहून बोलावून घ्यायचं. घाड्याने देवापुढे उच्चारलेला शब्द मोडत नाही, असं त्याचा बाप सांगायचा.

त्या शब्दानेच घात केला. गुणाजी आणि रुक्मिणीला एकच मुलगी, प्रेमा. मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली, विक्रोळीच्या एका कंपनीत लागली. तिथेच शिवदास वाघमारे नावाचा फिटर होता, गोवंडीला आई आणि बहिणीबरोबर राहणारा. चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात दोघांनी लग्न केलं. मुलगा निर्व्यसनी होता, मेहनती होता, पोरीला जिवापाड जपणारा होता. तो बौद्ध होता, आणि गुणाजीला तेवढंच नको होतं. तेवढ्यासाठी त्याने पोटच्या पोरीला तोडलं. त्याच आठवड्यात तो एसटीने गावी गेला, देवळात नारळ ठेवला आणि साऱ्या गावासमोर बोलला, “बा म्हाराजा, ह्या घराची लेक आजपासून ह्या घराची नाय. तिचो पाय माझ्या उंबऱ्याक लागाचो नाय, माझ्या घरातला पाऊल तिच्या उंबऱ्याक लागाचा नाय.” मागे जे चार-पाच जण उभे होते त्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, पण आवाज कुणाचा फुटला नाही.

रुक्मिणीला हे तो परत आल्यावर कळलं. ती नवऱ्याशी भांडली नाही. तिचं भांडण देवाशी जमेना आणि नवऱ्याचा शब्द देवापाशी पोचलेला. दीड वर्ष तिने पोरीचं तोंड बघितलं नाही. बाजारात प्रेमाच्या अंगलटीची कुणी दिसली की ती भाजीची पिशवी सावरत मागे मागे जायची आणि चेहरा दिसला की परत फिरायची.

शहाऐंशीच्या मे महिन्यात शिवदासची बहीण रतन भटवाडीच्या पायऱ्या चढून आली. दारातच उभी राहून म्हणाली, “वहिनीला पाचवा लागलाय. आईने सांगायला पाठवलं. वहिनी बोलत नाही, पण तिला तुमच्या हातचे घावणे आठवतात.”

रतन गेली आणि रुक्मिणीने तांदूळ भिजत घातले. गुणाजीने ते बघितलं.

“खंय चाललंस?”

“गोवंडीक.”

“देवाक शब्द दिलोहा मी. तू थंय पाय ठेवलंस तर माझो शब्द मोडलो. मगे माका गावात तोंड दाखवूक जागा नाय.”

रुक्मिणीने भिजलेले तांदूळ तसेच ठेवले. चार दिवसांवर गुणाजीची टूर आली होती. तिसऱ्या दिवशी ती त्याच्यासमोर येऊन बसली. डोक्यात काहीतरी पक्कं करून आली होती.

“गावच्या देवाक दिलेलो शब्द मोडू नकात,” ती म्हणाली. “पण त्या रोमच्या पाण्याक तर तुमी कायएक बोलूक नाय ना?”

गुणाजीला कळेना.

“थंय पैसो टाकलो की माणूस परत येता, असा तुमीच सांगतास ना? मगे प्रेमाच्या नावान टाका.”

“अगो, टाकणारो परत रोमाक जाता. घराक नाय.”

“खंय परत आणायचा ता पाण्याक काय ठावक? तुमी घाडी असास. पत्तो तुमी सांगायचो. भटवाडी, घाटकोपर. नीट गाराणा घाला. मोठो देव असा तो, आमच्या देवाशी बोलान घेयत.”

रुक्मिणीने एक रुपयाचं नाणं दुधाने धुतलं, हळदकुंकू लावलं, प्रेमाच्या शाळेतल्या फ्रॉकचा तुकडा पेटीत होता त्यात बांधलं आणि त्याच्या हातात दिलं. आपली लेक घरी येणार असं तिला दीड वर्षांत पहिल्यांदा वाटत होतं.

गुणाजी वाईट माणूस नव्हता. त्याला नाणं टाकायचं होतं. रोममध्ये पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने मधुकरकडे सुट्टी मागितली. मधुकर चाटच पडला. “अरे, आजवर कधी मागितली नाहीस. जा की. पाचपर्यंत ये म्हणजे झालं.” गुणाजीने एप्रन काढला, केस विंचरले आणि तीन वर्षं ज्या शहराबद्दल तो बोलत होता त्या शहरात पहिल्यांदा पायी निघाला. खिशातला छापील कागद लोकांना दाखवायचा, लोक हाताने दिशा दाखवायचे. एका अरुंद गल्लीत कारंजं दिसायच्या आधीच त्याला पाण्याचा आवाज ऐकू आला. गल्ली संपली आणि समोर ते उभं राहिलं. दगडाचे घोडे, दगडाचे पुरुष, आणि सगळीकडून कोसळणारं पाणी. भटवाडीत त्याने जेवढं सांगितलं होतं त्याच्या चौपट मोठं होतं ते. गुणाजीला आपल्या सगळ्या थापा फार किरकोळ वाटल्या.

तो गर्दीतून पुढे गेला. लोक पाठ करून हसत हसत नाणी टाकत होते, फोटो काढत होते. याने पाठ केली नाही. देवाला पाठ कशी करणार? तो तोंड करून उभा राहिला, फडक्याची गाठ सोडली, नाणं दोन्ही हातांत धरलं आणि हळू आवाजात म्हणाला, “बा म्हाराजा.”

पुढे शब्द येईनात.

गाऱ्हाण्याची एक रीत असते आणि ती घाड्याशिवाय दुसऱ्या कुणाला एवढी नीट ठाऊक नसते. मागणं मागायच्या आधी आपली चूक पदरात घ्यावी लागते. ‘माझा चुकला, ता पोटात घाल’ हे आधी बोलायचं, मग पुढचं. लोकांच्या वतीने हे वाक्य गुणाजी हजारदा बोलला होता. आता ते स्वतःचं म्हणून बोलायचं होतं. माझी लेक मी तोडली, माझा चुकला. तिथे मालवणी कळणारं एकही माणूस नव्हतं. तरी त्याच्या तोंडून ते निघालं नाही. दोनदा त्याने ‘बा म्हाराजा’ म्हटलं आणि दोन्ही वेळा तो तिथेच अडला. पोरीचा राग आता उरलाही नव्हता, उरला होता तो नुसता ताठा. अर्धा तास तो तसाच उभा होता. मग त्याने नाणं परत फडक्यात बांधलं, पावणेपाचला हॉटेलात पोचला आणि पंचेचाळीस जणांचं पिठलं केलं.

मुंबईत उतरल्यावर घरी जाताना बसमध्ये कंडक्टर सुट्ट्यासाठी कटकट करू लागला. गुणाजीच्या खिशात सुटं म्हणून तेवढाच एक रुपया होता. त्याने बोटाने कुंकू पुसलं आणि दिला. फडकं खिडकीतून टाकून दिलं.

घरात पाय ठेवताच रुक्मिणीने पाणीसुद्धा विचारलं नाही.

“घातलात गाराणा?”

“घातलंय.”

“मोठ्यान?”

“मोठ्यान. लोक बघी होते.”

तिने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, असं तिने कधी केलं नव्हतं. गुणाजीने तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. त्याने तिला उठवलं आणि चहा टाक म्हणाला.

त्या दिवसापासून रुक्मिणी वाट बघू लागली. खोलीला चुना काढून घेतला. कोनाड्यात बाळंतिणीचे डिंकाचे लाडू करून ठेवायचा डबा घासून ठेवला. संध्याकाळी दारात बसायची आणि पायऱ्यांकडे बघायची. पूर्वी ती गोवंडीला जायला धडपडत होती, आता तिने ते डोक्यातून काढून टाकलं. तिच्या माहेरची रीतच होती की एकदा गाऱ्हाणं घातलं की माणसाने मध्ये लुडबूड करायची नाही, देवाला हात मोकळे ठेवायचे. आपणच धावलो तर देव म्हणतो, तुझाच भरवसा नाही, मग मी कशाला बघू?

जुलैत रतन पुन्हा आली. सातव्या महिन्याची ओटी भरायची होती. “आईने हात जोडून सांगितलंय, आजी म्हणून तरी या. वहिनी रोज दाराकडे बघते.”

रुक्मिणी हसली. किती दिवसांनी हसली असेल. “तिला सांग, आता तीच येणार आहे. मी सगळं बोलून ठेवलंय. थोडी कळ काढ म्हणावं, माझा पाय मध्ये आला तर विघ्न होईल.”

रतनला काही उमजलं नाही. ती पायऱ्या उतरून गेली. गुणाजी आत खाटेवर पडून हे ऐकत होता. उठून ‘जा गो, तू जा’ एवढंच म्हणायचं होतं. पण खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. बायको खुश, गावचा शब्दही शाबूत. आपोआप सगळं जागच्या जागी बसलंय, असं वाटून तो कूस बदलून झोपला. माणूस स्वतःला किती सहज माफ करतो.

सप्टेंबरात, गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला असेल, सकाळी शिवदास दारात उभा राहिला. जावयाला सासऱ्याने त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. तो उंबऱ्याच्या अलीकडेच थांबला.

“मुलगी झाली,” तो म्हणाला. रुक्मिणीचे हात वर गेले. “प्रेमा नाही राहिली. पहाटे गेली. रक्त थांबलंच नाही.”

रुक्मिणीने पायात चप्पलही घातली नाही. ती पायऱ्या उतरली आणि चालू लागली. शिवदास रिक्षा बघतो म्हणाला, तिने ऐकलं नाही. रेल्वेचा पूल, पंतनगर, हायवे, छेडानगर, ती कुठे थांबली नाही. मागे शिवदास आणि त्याच्या मागे गुणाजी. तिला रस्ता कुणी सांगावा लागला नाही. पावणेदोन वर्षांत रात्री डोळे मिटून ती या रस्त्याने किती वेळा गेली होती, हे तिचं तिलाच ठाऊक.

प्रेमाला हिरवी साडी नेसवली होती. रुक्मिणीने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि तशीच बसून राहिली. बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या जळत होत्या. दुपारी सगळं उरकून माणसं परतली, तेव्हा शिवदासची आई द्रौपदी मांडीवर बाळ घेऊन भिंतीशी बसली होती. गुणाजी दाराबाहेर उभा होता.

“शेवटच्या महिन्यात रोज म्हणायची, आई येईल,” द्रौपदी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, रागापेक्षा ते वाईट होतं. “निरोप आला की तुम्ही थांबायला सांगितलंय, तर म्हणाली, आईला काहीतरी अडचण असेल. दवाखान्यात नेताना म्हणाली, आईला आता तरी बोलवा. पण पुन्हा तुमच्या घरी यायची आमची हिंमत झाली नाही. तुम्ही का नाही आलात ताई?”

“मी गाऱ्हाणं घातलं होतं,” रुक्मिणी म्हणाली. “यांच्या हातून. रोमच्या पाण्याला. पोरगी स्वतःच्या पायाने घरी येईल, म्हणून थांबले. त्यानेही ऐकलं नाही. गावचा देव नाही, परका देव नाही. सगळे देव खोटे.”

गुणाजीने आयुष्यभर लोकांची गाऱ्हाणी देवापुढे घातली होती. आपल्या बायकोच्या तोंडून देवावर आळ आलेला त्याच्याने ऐकवेना. की तो ताठाच आता मोडला होता, कोण जाणे. दाराबाहेरूनच तो म्हणाला, “देव खोटो नाय गो. मी नाणा टाकूकच नाय. गाराणा घालूक नाय. थंय गेलंय आणि तोंडातसून शब्द इलो नाय.”

बाळाने हाताची मूठ सोडली आणि मिटली.

रुक्मिणीने त्याच्याकडे बघितलं. ती ओरडेल, छाती पिटेल, असं द्रौपदीला वाटलं. पण ती मालवणीतही बोलली नाही, परक्या माणसाशी बोलावं तसं बोलली.

“टाकलं नाही एवढं सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर मी चालत आले असते. सव्वा तासाचा रस्ता आहे.”

तिने पुढे होऊन बाळ घेतलं आणि ती द्रौपदीशेजारी बसली. “तुम्ही जा,” ती म्हणाली. “मी इथे राहते.”

गुणाजी निघाला. वाटेत तो दोनदा दगडावर बसला, एकदा हायवेच्या कडेला रडला, तरी भटवाडीच्या पायथ्याशी पोचायला त्याला सव्वा तासाहून फार जास्त लागलं नाही.